वाचल्याशिवाय सही नाही

९ जानेवारी

ठमे,

लोक म्हणतात, पत्रं कसली लिहितेस, फोन कर. फोनवर तू नुसतं "हो मावशी, बरं मावशी" करतेस आणि मागे तुझं भांडी घासणं ऐकू येतं. कागदावर तसं चालत नाही. कागदावर माणसाला काहीतरी सांगावंच लागतं.

आमचा वर्ग सुरू झाला. वाचनालयाचं तेच तळघर, मंगळवार आणि शुक्रवार. आमच्या आधी तिथे लहान मुलांचा गोष्टींचा तास असतो, त्यामुळे खुर्च्याही त्यांच्याच. पन्नाशीच्या बायका गुडघे हनुवटीला लावून इंग्रजी शिकतात. यंदा अकराजण आहेत. एक बसड्रायव्हर, एक पाव भाजणारा, इस्पितळात फरशी पुसणाऱ्या तिघी बहिणी, आणि एक शिवणवाली. ही शिवणवाली बोलते कमी, पण पेन्सिल अशी धरते की जणू कुणी काढून घेणार आहे.

पद्धत आपली जुनीच. एकाने लिहायचं, दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं. वाचणारा जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने ठिपका द्यायचा. अडखळला वाचणारा, पण दुरुस्ती करायची लिहिणाऱ्याने. तुला आठवतं का? तू अकरा वर्षांची, या देशात नवी, शाळेत तोंड शिवून बसणारी. माझ्या इस्त्रीच्या टेबलावर तू पहिला निबंध लिहिलास आणि मी त्यावर एकेचाळीस ठिपके दिले. तू रडलीस, मग बेचाळिसावा स्वतःच दिलास.

आता तीच ठमी वकील होणार. मी वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलंय. पहिला पेपर कसा झाला ते कळव. नुसतं "बरा" लिहू नकोस.

तुझी मावशी


१७ जानेवारी

मावशी,

आधी नमस्कार, मग बाकीचं.

इथे सगळं छान आहे. खोली लहान आहे पण खिडकी मोठी आहे. शेजारच्या खोलीत दंतवैद्यकीची विद्यार्थिनी राहते. ती रात्रंदिवस प्लास्टरचे दात कोरत असते, बाकी स्वभावाने गरीब.

पहिला पेपर म्हणजे मेमो होता. एका भांडणाची हकीकत देतात, त्यात कायदा काय म्हणतो ते दोन्ही बाजूंनी लिहायचं. माझा मेमो आमच्या लेखनाच्या बाईंनी फार लक्ष देऊन वाचला. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने शेराही लिहिला. सगळ्यांच्या मेमोवर त्या लिहीत नाहीत.

वर्गात मला उगाच चढवून ठेवू नकोस. अजून पुष्कळ शिकायचंय.

तुझी ठमी


६ फेब्रुवारी

ठमे,

शेरा काय होता ते लिहायला विसरलीस. असो, नंतर सांग. आज तुझ्याकडे काम आहे.

शिवणवाली काल वर्गाला आली ती पदर तोंडाला लावूनच म्हण ना. तिच्या देशात पदर नसतो, ओढणीही नसते, पण चेहरा तसाच होता. घरमालकाची नोटीस आली आहे. तुम्ही राहत्या घरात धंदा चालवता, बायका पिशव्या घेऊन सारख्या ये-जा करतात, हा भाडेकराराचा भंग आहे. सात मार्चपर्यंत समाधानकारक लेखी उत्तर द्या, नाहीतर घर खाली करा.

दोन मुली आहेत तिच्या, एक सहावीत, एक तिसरीत. शाळा घराच्या मागच्याच रस्त्यावर. हे घर गेलं तर शाळाही गेली, आणि मोठी आत्ता कुठे वर्गात हात वर करायला लागली आहे. ते ऐकून मला तूच आठवलीस.

बिचारी घरी कपडे शिवते, तेवढाच संसाराला हातभार. मी एकदा तिच्याकडे चहाला गेले होते. मशीन खिडकीशी, पलंगावर कपड्यांचा ढीग. यात मालकाचं काय जातं?

तू हे उत्तर लिहून दे. असं लिही की मालकाचे डोळे पांढरे झाले पाहिजेत. मी तिला सांगितलंय, माझी भाची लिहील आणि तू निर्धास्त झोप.

मावशी


१३ फेब्रुवारी

मावशी,

सोबत उत्तर पाठवते आहे. सात पानं झाली. पाच रात्री मी दुसरं काही केलेलं नाही. शेजारणीचे दात कोरून संपले, माझं लिहून संपेना.

मी अजून विद्यार्थिनी आहे, त्यामुळे पत्र तिच्या नावाने जाईल आणि सही तिचीच लागेल. घरी शिवण करते हे आपण पहिल्याच पानावर मान्य करून टाकलंय. मग पुढची सहा पानं अशी रचली आहेत की हा धंदा म्हणावा इतका मोठा धंदाच नाही. जुने निकाल शोधून शोधून घातलेत. मालकाच्या वकिलाला शब्दकोश उघडावा लागेल, बघच.

खरं सांगू? हे लिहिताना मला पहिल्यांदाच वाटलं की मी इथे शोभते.

शेवटच्या पानावर खूण केली आहे, तिथे तिने सही करायची. झाली की लगेच पोस्टात टाक.

ठमी


१८ फेब्रुवारी

ठमे,

तिने सही केली नाही.

मी तुझी सात पानं तिच्यापुढे ठेवली, पेन दिलं, खूण दाखवली. तिने पेन बाजूला ठेवलं आणि पेन्सिल उचलली. म्हणाली, आधी वाचते. आम्ही दोघी वाचायला बसलो. पहिल्या पानावर सव्वीस ठिपके झाले. दुसऱ्या पानाच्या मध्यावर तिने पेन्सिल खाली ठेवली, कागद नीट जुळवून माझ्याकडे परत दिले.

मला राग आला, खोटं का बोलू. मी म्हटलं, "अगं, मुदत टळली तर रस्त्यावर येशील! माझी भाची शिकलेली आहे, ठेव की तिच्यावर विश्वास."

ती म्हणाली, "कारकूनही शिकलेला होता."

मग तिने सांगितलं. तीन वर्षांपूर्वी घर भाड्याने घेताना मालकाचा कारकून करार घेऊन आला. दारातच उभा राहिला, आतही आला नाही. इथे, इथे आणि इथे, असं बोट दाखवत गेला आणि पेन हलवत राहिला. एक मुलगी पायात घुटमळणारी, दुसरी तापाने फणफणलेली. हिने तिन्ही ठिकाणी सह्या केल्या. आपण काय काय कबूल केलं ते तिला आजही माहीत नाही. त्या दिवशीच तिने ठरवलं, की पुन्हा कधीही न वाचता सही करायची नाही. आमच्या वर्गाला ती त्याचसाठी येते. तिला इंग्रजी बोलायची फार हौस नाही. तिला सही करायची आहे.

"आणि घर गेलं तर?" मी विचारलं.

"घर गेलं तर वाचून जाईल," म्हणाली.

तुझी सात पानं परत पाठवते आहे, ठिपक्यांसकट. मी स्वतः तीस वर्षं इंग्रजी शिकवते, ठमे, आणि सव्वीसमधले नऊ ठिपके माझे आहेत. हातात दोन आठवडे राहिलेत. रागावू नकोस. रागावलीस तरी लवकर रागाव आणि लिही.

मावशी


२२ फेब्रुवारी

मावशी,

रागावले. दोन दिवस रागावले. पाच रात्री जागून लिहिलेल्या कागदावर पेन्सिलीने गोवर उठवून पाठवलीस आणि म्हणतेस रागावू नकोस!

मग काल ती पानं पुन्हा उघडली आणि माझ्या मेमोशेजारी ठेवली. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मावशी, मी मेमोत नापास झाले आहे. लेखनाच्या बाईंनी जो शेरा लिहिला तो एवढाच होता, "हे कोणासाठी लिहिलं आहे?" खाली लिहिलं होतं, पंधरा मार्चपर्यंत पुन्हा लिहून द्या, नाहीतर विषय पुढच्या वर्षी परत घ्या. मला वाटलं त्या मला टोमणा मारताहेत, की तू कोण लागून गेलीस. मी त्यांना भेटायलाही गेले नाही. तुला सांगितलं नाही कारण तू अकरा माणसांना सांगून बसली होतीस.

माझ्या वर्गात निम्म्यांचे आईबाप वकील आहेत. जेवणाच्या टेबलावर त्यांच्याकडे खटले चालतात. माझं इंग्रजी इस्त्रीच्या टेबलावर शिकलेलं. ते कुणाला ओळखू येऊ नये म्हणून मी जुन्या निकालांतले जाड जाड शब्द गोळा करून अंगावर चढवत होते. मला तुझी लाज वाटत होती असं नाही. पण वाटत होती बहुतेक. हे लिहिताना मला रडू येतंय.

बाईंचा टोमणा नव्हता. साधा प्रश्न होता, आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं. सात पानं मी कोणासाठी लिहिली? मालकासाठी नाही, शिवणवालीसाठी तर नाहीच. मी ती वर्गातल्या त्या पोरांसाठी लिहिली, आणि ती पोरं ती कधी वाचणारही नव्हती.

आज सकाळी पुन्हा लिहिलं. एक पान झालं. चौदा वाक्यं. तिच्यासाठी लिहिलंय. तिला म्हणावं, हवे तेवढे ठिपके दे.

ठमी


२७ फेब्रुवारी

ठमे, माझी बाई,

नापास झालीस ते कळलं. वर्गात अजून सांगितलेलं नाही, पण सांगणार आहे. सगळ्यांना बरं वाटेल. पाव भाजणारा दोनदा ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास झाला, त्याला सोबत होईल. आणि लाज वाटली त्याचं काय घेऊन बसलीस? तुझ्या वयाची असताना मलाही माझ्या मास्तरांच्या धोतराची लाज वाटायची. ते जाऊ दे.

आता ऐक. शिवणवालीने तुझं पान वाचलं. मोठ्याने, सगळ्या वर्गासमोर. बसड्रायव्हर श्वास रोखून बसला होता. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. एकही ठिपका नाही! चौथ्या वाक्याला ती थांबली. पुन्हा वाचलं. मग तिने असा ठिपका दिला की पेन्सिलीचं टोक मोडलं.

मी विचारलं, "शब्द अवघड आहे का?"

"नाही," म्हणाली. "शब्द सोपे आहेत. हे खोटं आहे. मी घरी गिऱ्हाइकांचे कपडे शिवते असं लिहिलंय. कुणी सांगितलं हे?"

वर्ग माझ्याकडे बघायला लागला. ठमे, मी सांगितलं होतं. मीच. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ती शिवते दुकानात, धोबीदुकानाच्या मागच्या खोलीत, सकाळी आठ ते चार. घरचं मशीन फक्त मुलींच्या कपड्यांसाठी. तो पलंगावरचा ढीग म्हणजे मोठीचे उसवून धाकटीसाठी लहान करायचे कपडे. मी एक कप चहा प्यायले, एक ढीग पाहिला आणि गोष्ट बनवून मोकळी झाले. तीस वर्षं पोरांना सांगत आले, माहीत नसेल तर विचारा, आणि स्वतः विचारलं नाही.

"मग पिशव्या घेऊन येणाऱ्या बायका कोण?" मी विचारलं.

तर त्या तिघी बहिणींनी हात वर केले. मीच नाही का सांगितलं होतं, जोड्या करून घरी मोठ्याने वाचत जा म्हणून? गुरुवारी त्या कामावरून परस्पर तिच्याकडे जातात. पिशव्यांत वह्या असतात. मालकाला जो धंदा वाटला तो आपला वर्ग आहे!

आधी आम्ही हसलो. मग मला तुझी सात पानं आठवली. ती घरी धंद्याची शिवण करते, असं त्यात आपण पहिल्याच पानावर कबूल केलं होतं ना? तू खूण केलीस तिथे तिने सही केली असती तर?

खरी हकीकत वेगळ्या कागदावर लिहिली आहे, तिने सांगितली तशी. बदलून लगेच पाठव.

तुझी मूर्ख मावशी


२ मार्च

मावशी,

दुरुस्त केलेलं पान सोबत आहे. या वेळी कॉलेजच्या मोफत सल्ला केंद्रातल्या वकीलबाईंना दाखवूनच पाठवते आहे. त्यांनी दोन शब्द बदलले, आणि दुकानदाराची चिठ्ठी व तिघी बहिणींच्या सहीचा कागद जोडायला सांगितलं.

मी त्यांना ती सात पानंही दाखवली. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, "हे गेलं असतं तर तिचं घर मालकाने नसतं काढून घेतलं. तुम्ही काढून दिलं असतं." चूक फक्त तुझी नाही, मावशी. तू सांगितलंस, मीही तिला विचारलं नाही. तिला ते वाचता येईल असं लिहिलं असतं, तर तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. अवघड शब्दांच्या आड चूक आरामात बसली होती.

ती बाई हट्टी निघाली म्हणून आपण दोघी वाचलो. तिला माझा नमस्कार सांग.

मेमोही पुन्हा लिहायला घेतलाय. लेखनाच्या बाईंकडे गेले, रडले, त्यांनी पाणी दिलं. आता लिहिलेलं पान दात कोरणारी शेजारीण मोठ्याने वाचते आणि ठिपके देते. दातांवर काम करून तिची नजर फार बारीक झाली आहे, एकही चूक सुटत नाही.

ठमी


२१ मार्च

मावशी,

पास झाले! बाईंचा शेरा या वेळी दोन शब्दांचा आहे, "आता कळलं."

आणखी एक. दर बुधवारी दुपारी त्या एक टेबल मांडतात. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलत नाहीत अशी नवी मुलं आपलं लिखाण घेऊन तिथे येतात. पुढच्या महिन्यापासून तिथे बसशील का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मीच नापास झाले होते. त्या म्हणाल्या, म्हणूनच विचारते आहे.

काल नुसती बघायला गेले. एक मुलगी आली, तिच्या पानावर असे शब्द होते की मला माझीच सात पानं आठवली. मी तिला म्हटलं, हे मी मोठ्याने वाचते, तू पेन्सिल घे. आता मला कसलीच भीती वाटत नाही.

पण शिवणवालीचं काय झालं? तीन आठवडे झाले. उत्तर आलं का? तू गप्प असलीस की मला वाईटच सुचतं.

ठमी


२ एप्रिल

ठमे,

तुझं पत्र इंग्रजीत उतरवून वर्गात वाचलं. पास झालीस म्हणून पाव भाजणाऱ्याने टाळ्या वाजवल्या, आणि तो पुन्हा परीक्षेला बसतो आहे. पत्रावर एकच ठिपका पडला, "आता मला कसलीच भीती वाटत नाही" इथे. शिवणवालीने दिला. म्हणाली, हे तिला परत लिहायला सांगा.

तुझं दुरुस्त पान तिने वाचलं, सही केली आणि मुदतीच्या आत मालकाकडे पोचवलं. त्यानंतर मी गप्प होते कारण मालक गप्प होता. दोन आठवडे ती रोज टपाल बघायची आणि मी रोज तिचा चेहरा बघायची. मग मागच्या सोमवारी उत्तर आलं. नोटीस मागे घेतली आहे. आणखी तीन वर्षं घर तिचं, नव्या करारावर सही करायची. तोच कारकून करार घेऊन दारात आला. इथे, इथे आणि इथे.

तिने त्याला सांगितलं, "शुक्रवारी वर्गात या."

आणि ठमे, तो आला. घड्याळाकडे बघत, कागद काखेत धरून, जिना उतरून तळघरात. आमच्याकडे एकच खुर्ची रिकामी होती, सशाचं चित्र असलेली. त्याने उभ्याउभ्याच कागद पुढे केले आणि पेन हलवायला लागला.

ती म्हणाली, "बसा. आधी वाचते."

तो बसला. गुडघे हनुवटीला लागले. चार पानं तिने मोठ्याने वाचली, बोट ओळीवर ठेवून. सात ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याला ती थांबायची, त्याच्याकडे बघायची, आणि तो समजावून सांगायचा. सहा त्याने सांगितले. सातव्याला तो स्वतःच अडखळला. पुन्हा वाचलं, डोकं खाजवलं, आणि म्हणाला, "खरं सांगायचं तर हे मलाही कळत नाही." वरती जाऊन त्याने मालकाला फोन केला. खाली येऊन ती ओळ खोडली आणि शेजारी आपली सही केली. वाचून केली, मी बघत होते.

या सगळ्याला पाऊण तास लागला. मोठी मुलगी आईच्या खुर्चीला टेकून उभी होती. वर्गातलं कुणी जागचं हललं नाही.

मग तिने पेन मागितलं.

मावशी